वजन करून परत पाण्यात



मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला त्या रात्री आपल्या ओढ्याच्या काठाने बॅटऱ्यांची रांग लागली होती. दुसऱ्या दिवशी सकाळच्या मिस्सानंतर एका मुलाने मोठ्या प्रेमाने पिशवीतून चार शिंगट्या आणून दिल्या. स्वयंपाकघरात त्या चिरल्या, तेव्हा चारींची पोटे गाभोळीने गच्च भरलेली निघाली. मुलाचा दोष नाही. चढणीचे मासे धरणे ही आपल्या आजापणजापासूनची हौस आहे, आणि त्या दिवशीचे कालवण मीही जेवलो. परंतु जेवताना मला विलायतेतल्या एका तळ्याची आठवण झाली. तेथे दिवसभर मासे धरतात आणि संध्याकाळी एकही मासा घरी नेत नाहीत. त्या वेळी मी त्या लोकांना मनातल्या मनात हसलो होतो. आता तितके हसू येत नाही. ते का, हे आज या पानावर सांगायचे आहे.

साल २०१९. इंग्लंडमधील स्विंडन या गावी तीन आठवडे बदली धर्मगुरू म्हणून राहण्याचा योग आला. गोव्याच्या कितीतरी ख्रिस्ती कुटुंबांनी पोर्तुगीज पासपोर्टच्या आधारे त्या गावी बिऱ्हाडे केली आहेत, हे आपल्यापैकी अनेकांना आपल्या पाहुण्यांकडून ठाऊक आहेच. अशाच एका घरी, बारदेशकडच्या कुटुंबात, माझे जाणे-येणे झाले. मुलगा गोदामात रात्रपाळी करणारा. त्याचा शेजारी म्हणजे कारखान्यातून निवृत्त झालेला एक इंग्रज गृहस्थ, बायको वारलेली, मुले दूर. हा मनुष्य एका मासेमारी क्लबाचा सभासद होता. एका शनिवारी क्लबाची स्पर्धा होती, तिला त्याने आम्हा दोघांना बरोबर नेले.

तळे गावापासून अर्ध्या तासावर, एका शेतकऱ्याच्या रानात. शेतकऱ्याच्या, हे मी मुद्दाम सांगतो. १९८४ च्या एप्रिलमध्ये युरोपीय आर्थिक समूहाने दुधाला कोटा लावला. ठरल्यापेक्षा जास्त दूध घातले तर दंड. तो कोटा पुढे २०१५ साली उठला, पण मधल्या काळात इंग्लंडच्या पुष्कळ शेतकऱ्यांना गायी कमी कराव्या लागल्या आणि जमिनीचा दुसरा उपयोग शोधावा लागला. कोणी तंबूवाल्या प्रवाशांना जागा दिली, कोणी घोडे ठेवले, आणि ज्यांच्या रानात चिकणमाती होती त्यांच्यापैकी अनेकांनी यंत्राने तळी खणून त्यांत कार्प जातीचे मासे सोडले. हा मासा आपल्याला परका नाही. आपण ज्याला सायप्रिनस म्हणतो तोच हा. त्याची आरशासारख्या खवल्यांची जात १९३९ साली निलगिरीत आली, आणि बँकॉकची जात १९५७ साली भारतात आली. आता रोहू, कटला, मृगळ यांच्याबरोबर तो आपल्याही तळ्यांत असतो.

इंग्लंडातही तो मूळचा नव्हे. १४९६ साली छापलेल्या गळाच्या मासेमारीवरील एका इंग्रजी पुस्तिकेत हा मासा देशात फार थोडा आहे असे म्हटले आहे. ही पुस्तिका एका मठाधिकारिणीने लिहिली अशी जुनी समजूत आहे. संशोधक ती मानत नाहीत, परंतु मठांची स्वतःची मत्स्यतळी असत यात शंका नाही. शुक्रवार आणि उपासकाळ पाळायचा तर मासा हवाच. आज मात्र इंग्रज हा मासा सहसा खात नाही. मातीची चव लागते म्हणतो. त्याच धर्मग्रामात पोलंडहून आलेली काही कुटुंबे होती. त्यांच्याकडे नाताळच्या आदल्या रात्रीच्या जेवणात कार्प नसेल तर सण झाला असे वाटत नाही. एकाच चर्चच्या एकाच बाकावर बसणाऱ्या माणसांपैकी एकाला जो मासा अखाद्य, तो दुसऱ्याला सणाचा. असो.

सकाळी आठला आम्ही पोहोचलो. तळ्याकाठच्या लहान उपाहारगृहात बावीस माणसे अंडी आणि भाजलेला पाव खात बसली होती, बहुतेक साठीच्या पुढची. न्याहारी झाल्यावर प्रत्येकाने पिशवीत हात घालून चिठ्ठी काढली. तळ्याच्या काठाला ठराविक अंतरावर लाकडी फळ्यांच्या बैठका असतात, प्रत्येकीला क्रमांक. चिठ्ठीत जो क्रमांक निघेल तेथे दिवसभर बसायचे. चांगली जागा ही निम्मी स्पर्धा, असे आमचा यजमान म्हणाला. वारा ज्या कोपऱ्याकडे वाहतो तिकडे मासा जमतो. त्याला नेमकी विरुद्ध बाजूची जागा आली. तोंड वाईट करून तो सामानाची गाडी ढकलत निघाला.

सामान पाहून मी चकित झालो. बसायची पेटीच एखाद्या सुताराच्या पेटीएवढी. गळाची काठी कार्बनची, तुकडे जोडत जोडत तेरा मीटरपर्यंत लांब होणारी, आणि तरी एका हाताने तोलता यावी इतकी हलकी. तिच्या टोकात आत रबरी दोरी. मासा ओढू लागला की ती ताणते, त्यामुळे दोरा तुटत नाही आणि माशाचे तोंड फाटत नाही. गळाला उलटा काटा नाही. तो चालतच नाही, तसा नियमच त्या तळ्यावर आहे; गळ जसा आत जातो तसा सरळ बाहेर निघतो. आमिषाला लाल-पांढऱ्या अळ्या, डब्यातले मक्याचे दाणे, मांसाचे चौकोनी तुकडे आणि भिजवलेली खाद्याची गोळी. शेजारी एक पाटी होती: वर विजेच्या तारा आहेत, काठी उभी करू नका. कार्बनमधून वीज वाहते आणि तिकडे अशाने माणसे मेली आहेत. आपल्याकडे लोखंडी पाइप खांद्यावर उभा धरून तारेखालून जाणाऱ्यांनी ही पाटी ध्यानात ठेवावी.

दहा वाजता शिट्टी झाली. त्यानंतर सहा तास. पहिला दीड तास काहीच घडले नाही असे मला वाटले. यजमान दर दोन मिनिटांनी चिमूटभर खाद्य नेमक्या त्याच जागी टाकत होता. चार गोळ्या, पाच गोळ्या, जास्त नाही. मासा जवळ आणायचा, पण पोटभर खाऊ घालायचा नाही. अकराच्या पुढे पहिला मासा लागला, दोन किलोचा असावा. हातजाळीत घेऊन, ओले हात करून त्याने गळ काढला आणि मासा काठाशी पाण्यात बुडवलेल्या लांब जाळीच्या पिशवीत सोडला. ही पिशवी सुताची नाही, मऊ बारीक जाळीची, आणि ती तळ्याच्या मालकाचीच. स्वतःची जाळी कोणी आणायची नाही. याचे कारण पुढे सांगतो. एका पिशवीत पन्नास पौंड, म्हणजे सुमारे तेवीस किलो, एवढीच मर्यादा. जास्त भरले तर वरचे वजन धरत नाहीत. गर्दीने मासे गुदमरू नयेत म्हणून हा नियम.

माझ्याबरोबरचा गोवेकर मुलगा दुपारपर्यंत अस्वस्थ झाला होता. "फादर, हे सगळे परत सोडणार?" त्याने मला तीनदा विचारले. मी त्याला काय सांगणार? माझ्याही डोळ्यांपुढे रवा लावलेला तुकडा येत होता.

शेवटच्या तासाला सगळे जण लांबची काठी ठेवून अगदी पायाशी, काठाला गळ टाकू लागले. संध्याकाळी मोठा मासा काठाला चरायला येतो. दिवसभरात झाले नसतील तेवढे मासे त्या तासात निघाले. चारला पुन्हा शिट्टी. मग वजने. तिकाटण्याला काटा टांगलेला, एक जण वही धरून, दोघे पिशवी उचलणारे. प्रत्येकाच्या जागी हे मंडळ जाई, मासे ओल्या झोळीत ओतून वजन घेई, आणि झोळी तशीच पाण्यात बुडवून मोकळी करी. झोळीतून निघालेला मासा क्षणभर काठाशी थांबे, कल्ले हलवी आणि खाली जाई. पहिल्याचे ११२ पौंड भरले, म्हणजे एक्कावन्न किलोच्या आसपास. आमच्या यजमानाचे ३८. दोघे-तिघे तर वजन न करताच काठ्या आवरून गेले होते. जमलेल्या वर्गणीतून पहिल्या काहींना पाकिटे मिळाली. सहा वाजता तळे जसे सकाळी होते तसेच होते, आणि सर्व मासे पाण्यात.

घरी परतताना मी जरा कुत्सितपणे म्हणालो, हा खेळ म्हणजे दिवसभर पाणी उपसून संध्याकाळी पुन्हा विहिरीत ओतण्यासारखा आहे. यजमान रागावला नाही. म्हणाला, "फादर, पूर्वी आमच्या कारखान्याचा क्लब होता, नदीवर दोन बसेस भरून जायचो. कारखाने गेले, क्लब गेला. आता हे बावीस जण आहेत. शनिवार सोडला तर यांतले काही जण आठवडाभर कोणाशी बोलत नाहीत."

आता माझे मत. ते दोन तोंडांचे आहे, हे आधीच कबूल करतो.

तो शेतकरी मासे विकत नाही, मासे धरण्याचा दिवस विकतो. एकच मासा त्याने वर्षातून कितीदा विकला याचा हिशेब करा. मासा मेला तर त्याचे भांडवल मेले. म्हणून उलटा काटा नको, ओले हात हवेत, पिशवीला मर्यादा हवी. म्हणून जाळी त्याची स्वतःची, कारण दुसऱ्या तळ्यावरची ओली जाळी रोग घेऊन येते. कार्पला होणारा एक विषाणूचा रोग आहे, उन्हाळ्यात पाणी तापले की तळेच्या तळे मारतो. माणसाला त्याची बाधा नाही. २००७ पासून तिकडे तो सरकारला कळवणे बंधनकारक आहे, आणि एका पाण्यातला मासा दुसऱ्या पाण्यात न्यायचा तर परवानगी लागते. तेरा वर्षांवरच्या प्रत्येक गळवाल्याला सरकारी परवाना लागतो. शिशाची लहान वजने गिळून राजहंस मरू लागले, तेव्हा १९८७ पासून अशा वजनांची विक्री बंद झाली. ही सारी काळजी प्रेमापोटी आहे असे मी म्हणत नाही. बरीचशी पैशापोटी आहे. तरी काळजी ती काळजीच.

यातील एक गोष्ट मला सर्वांत अधिक पटली. इंग्लंडातील नद्यांवर १५ मार्च ते १५ जून गळ टाकायला बंदी असते, कारण तो माशांचा अंडी घालण्याचा काळ. हा कायदा १८७८ सालचा, शेफील्डचे खासदार मुंडेला यांनी पुढे आणलेला. आणि त्यामागे शेफील्डच्या गळ टाकणाऱ्या कामगारांचाच आग्रह होता. वरून कोणी लादला नाही. ज्यांची हौस बंद होणार होती त्यांनीच मागितला. खासगी तळ्यांवर मात्र १९९५ नंतर ही बंदी बहुतेक ठिकाणी उरली नाही, तेथे बाराही महिने गळ पडतात. मालकाचे हित आणि माशाचे हित येथे वेगळे होते, हेही पाहून ठेवावे.

दुसरे तोंड असे. मासा ही खेळणी नव्हे. भुकेसाठी मासा मारणे मला समजते. प्रेषितांतले कित्येक जण तेच करीत होते. परंतु केवळ वजनाचा आकडा वहीत लिहिण्यासाठी त्याच माशाच्या तोंडात वर्षातून अनेकदा गळ घालायचा, हे मला बरे वाटले नाही, आणि अजून वाटत नाही. स्वित्झर्लंडने २००८ च्या नियमांत परत सोडण्याच्या हेतूने मासा धरण्यास मनाई केली आहे. जर्मनीत सबळ कारणाशिवाय कण्याच्या प्राण्याला इजा करता येत नाही, त्यामुळे अशा स्पर्धा तेथे कायद्याला चालत नाहीत. इंग्लंडच्या २००६ च्या प्राणिकल्याण कायद्याने मात्र नेहमीच्या मासेमारीला सूट ठेवली. तीन ख्रिस्ती परंपरेचे देश, मासा एकच, आणि तीन न्याय. स्विस माणूस म्हणतो, धरलास तर खा. इंग्रज म्हणतो, धरलास तर सोड. मला विचाराल तर मी स्विस माणसाच्या बाजूचा. पण मग आपण कोणत्या बाजूचे, हे विचारायला मला लाज वाटते.

आपण जूनमध्ये काय करतो ते पाहा. पाऊस पडला की मासा ओढ्यातून वर शेतात, पाणवठ्यात अंडी घालायला चढतो. मरळ, वाम, शिंगटी यांचे बी आपल्याला फुकट मिळते ते याच आठ-दहा रात्रींत. रोहू आणि कटला बंद तळ्यात अंडी घालत नाहीत. त्यांची बोटुकली दरवर्षी विकत आणावी लागते. डॉ. हिरालाल चौधरी यांनी १० जुलै १९५७ रोजी इंजेक्शनने कार्पांचे प्रजनन यशस्वी केले म्हणून तरी ती मिळतात. त्या दिवसाची आठवण आपला देश मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतो. परंतु आपल्या गावठी माशांना असे कोणी इंजेक्शन देत नाही. त्यांना फक्त वाट मोकळी हवी. समुद्रावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना बंदी असते, ती कोळी बांधव पोटाला चिमटा घेऊन पाळतात. आणि आपण, ज्यांचे पोट माशावर नाही, त्याच दिवसांत गाभोळीचे मासे गोणीने नेतो.

बांबूच्या सापळ्याने दोन वेळचे कालवण धरणाऱ्याला मी काही म्हणत नाही. परंतु गेल्या काही वर्षांत बॅटरी-इन्व्हर्टरची तार पाण्यात सोडणे, तारेवर आकडा टाकणे, डोहात ब्लीचिंग पावडर किंवा फवारणीचे औषध ओतणे, हे वाढले आहे. डोहात सुरुंग उडवणे किंवा विष घालणे हा १८९७ च्या मत्स्य कायद्यापासून गुन्हा आहे. विजेने आणि विषाने लहान-मोठा सगळा मासा मरतो, बेडूक मरतात, आणि तेच पाणी खाली कोणाची तरी म्हैस पिते. पाण्यात उभ्या असलेल्या माणसाला विजेचा झटका बसला तर तो पाय काढून पळू शकत नाही. पडलेल्याला हाताने ओढू नका, आधी वीज तोडा.

औषधाने मेलेला मासा धुऊन, शिजवून निर्विष होत नाही, हे घरातल्या बायकांनी पक्के ध्यानात ठेवावे. ओढ्यावर आयते तरंगणारे मासे स्वस्तात मिळाले तर ते घेऊ नका. खाल्ल्यावर घाम, लाळ, उलटी, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या होणे असे दिसले तर लिंबू-मीठ करीत बसू नका. रुग्णाला थेट दवाखान्यात न्या, आणि औषधाची बाटली किंवा तिचे वेष्टन सापडले तर तेही बरोबर न्या. डॉक्टरला त्याचा फार उपयोग होतो.

आता तळ्याचा विषय. सुट्टीवर आलेल्या आपल्या दोन तरुणांनी माझ्याकडे एक कल्पना मांडली. गावतळ्याला तारेचे कुंपण घालायचे, सायप्रिनस सोडायचा, आणि शहरातल्या हौशी लोकांकडून एका गळाला दिवसाचे पाचशे रुपये घ्यायचे. विलायतेत चालते, येथे का नाही? पोरे हुशार आहेत, मी त्यांना नाउमेद केले नाही. परंतु गावतळ्यावर हे करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. त्या पाण्यावर खालची भातशेती आहे, जनावरे आहेत, धुणी आहेत. कुंपण पडले की पहिल्यांदा ज्याची म्हैस बाहेर राहील तो गरीबच असेल. शिवाय विलायतेत मासा खाणारा नाही, म्हणून ते त्याचा खेळ करतात. आपल्याकडे खाणारी तोंडे आहेत. अंगणवाडीतल्या मुलांची मनगटे पाहिली की कळते. स्वतःच्या रानातल्या कृषी होंड्यात कोणाला असा प्रयोग करायचा असेल तर त्याने खुशाल करावा. मात्र प्लास्टिक अंथरलेल्या होंड्याच्या उतारावर पाय ठरत नाही. पडलेला मनुष्य पोहणारा असला तरी वर येऊ शकत नाही. चारी बाजूंना गाठी मारलेला दोर किंवा जुन्या टायरांची शिडी सोडल्याशिवाय तेथे कोणाला, विशेषतः मुलांना, जाऊ देऊ नका. या धर्मग्रामात अशी एक लहान शवपेटी मी पाहिली आहे. दुसरी पाहायची नाही.

गावतळ्यासाठी मला त्या इंग्रज शेतकऱ्याकडून एकच गोष्ट घ्यावीशी वाटते, आणि ती म्हणजे मुदत. त्याला पुढच्या वर्षीही तेच तळे, तोच मासा हवा असतो. आपल्या तळ्याचा लिलाव दरसाल होतो. एका वर्षासाठी घेणारा मनुष्य बारीक जाळे ओढून बोटुकलीसकट तळे धुऊन नेणारच. त्याला लोभी म्हणण्यात अर्थ नाही. आपण त्याला बाराच महिने दिले, मग तो तेरावा महिना का पाहील? लिलाव पाच वर्षांचा व्हावा, तो गावातल्याच गटाला मिळावा, जाळ्याच्या आसाचे माप ठरावे, अर्ध्या किलोच्या आतला मासा परत पाण्यात जावा, आणि जून-जुलै तळे बंद राहावे. चढणीच्या रात्री आठ दिवस तरी ओढ्याचे तोंड मोकळे सोडावे. पहिली दोन वर्षे उत्पन्न कमी येईल, हे लपवत नाही. ज्यांची लिलावाच्या पैशातून काही कामे ठरली आहेत ते रागावतील. त्यांनी माझ्याकडे यावे, बोलू.

तळे ज्यांच्या हाती येईल त्यांना एक व्यवहाराची गोष्ट. २० अंश उष्णतेच्या लिटरभर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. ३० अंशाला साडेसातच्या आसपासच. रात्री शेवाळही प्राणवायू खाते, म्हणून पहाटे सूर्योदयापूर्वी तो सर्वांत कमी असतो. एप्रिल-मे महिन्यांत पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड काढून हवा घेताना दिसले, तर त्या दिवशी शेण आणि पेंड टाकणे बंद करा आणि पंपाने तळ्यातलेच पाणी उंचावरून फवाऱ्यासारखे परत तळ्यात पाडा. विलायतेतले तळेवाले याच कामासाठी रात्रभर यंत्र चालवतात. त्या तळ्यात मासे इतके दाटीने होते की यंत्र बंद पडले असते तर सकाळी काठाला पांढरी पोटे दिसली असती. ती दाटीही मला आवडली नव्हती.

आणखी एक, आरोग्याचे. त्या उपाहारगृहाच्या भिंतीवर उंदराचे चित्र असलेला कागद होता. उंदराच्या मुतातून पाण्यात उतरणारा लेप्टोस्पायरोसिस हा रोग तिकडच्या गळवाल्यांना होतो आणि आपल्याकडे चिखलणी-लावणी करणाऱ्यांना. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत त्याने किती माणसे आजारी पडली ते आठवत असेल. पायाला चीर असेल तर पट्टी बांधून, शक्य तर गमबूट घालून चिखलात उतरा. भाकरी सोडण्यापूर्वी साबणाने हात धुवा. आमचा यजमान अळ्यांत हात घालूनही खाण्यापूर्वी बाटलीतल्या पाण्याने हात धुवत होता. शेतातून आल्यावर आठ-पंधरा दिवसांत थंडी वाजून ताप, पोटऱ्यांत ठणका, डोळे लाल असे झाले तर डॉक्टरला आपण होऊन सांगा, की मी चिखलात काम केले आहे. लवकर कळले तर साध्या गोळ्यांनी बरे होते. कावीळ दिसेपर्यंत थांबू नका.

त्या वृद्ध गृहस्थाची नाताळची कार्डे अजून येतात. २०२२ च्या जुलैमध्ये इंग्लंडात पारा पहिल्यांदाच ४० अंशांवर गेला, त्या वर्षीच्या कार्डात त्याने लिहिले होते, की तळ्याच्या मालकाने उन्हात पिशव्या लावायला मनाई केली आणि क्लबाने आपली स्पर्धा रद्द केली. तरी त्या शनिवारी चौदा जण तळ्यावर गेले, न्याहारी केली, आणि गळ न टाकता बसून राहिले. त्याने मला विचारले होते, तुमच्या तळ्यात आता कोणते मासे आहेत? मी उत्तर लिहिले नाही. काय लिहू हे सुचले नाही.

लिलावाची सभा पंचायतीत येत्या महिन्यात आहे. त्यापूर्वीच्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर शाळेच्या पडवीत बसू. ज्यांच्याकडे मागच्या लिलावांच्या पावत्या असतील त्यांनी त्या आणाव्यात. तळ्याखाली ज्यांची भाते आहेत ते कोणत्याही धर्माचे असोत, त्यांनाही बोलावून आणावे.